मामाचा जाम झालेला चाकू आणि माझा रोजचा: साफसफाई आणि तेलपाण्याच्या नोंदी

३ जानेवारी २०२६, शनिवार

मामाचा घडीचा चाकू आज माझ्याकडे आला. दोन पाती, लाकडी मूठ, आतून पितळेच्या पट्ट्या, पाठीला लांब स्प्रिंग, आणि सगळं रिव्हेटनी ठोकून बंद केलेलं, स्क्रू एकही नाही. देताना मामा म्हणाला, "अगं, आता माझ्या बोटांत जोर नाही राहिला, उघडतच नाही माझ्याच्याने. तूच ठेव." मी तिथेच उभ्या उभ्या उघडायला गेले, खाचेत नख घालून ओढलं तर नख मागे मुडपलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मोठं पातं जेमतेम अर्ध्यावर येऊन थांबलं. म्हणजे दोष बोटांचा नव्हताच. मला हे मनाला फार लागलं, की हा माणूस किती दिवस स्वतःच्या हातांना दोष देत बसला आणि सांध्यात काय साचलंय ते कोणी बघितलंच नाही.

तर काम हे. मामाचा चाकू मामाच्याच बोटांनी उघडेल असा करून त्याला परत द्यायचा. त्याच्याबरोबर माझा रोजचा चाकूही घेते, तो स्क्रूचा आहे, लायनर लॉकवाला (मुठीच्या आतली धातूची पट्टी, म्हणजे लायनर, उघडलेल्या पात्यामागे येऊन त्याला मिटू देत नाही), स्टेनलेस पात्याचा, पार्सलं कापून कापून त्यावर चिकटपट्टीचा गम बसलाय आणि हल्ली उघडताना मधेच खरखरतो. तो पूर्ण खोलता येईल. मामाचा मात्र खोलायचा नाही, रिव्हेट काढली तर परत तशीच बसवणं हे माझ्या आवाक्यातलं काम नाही, आणि गरजही नाही.

आज फक्त तपासणी. टॉर्च आणि भिंग घेऊन बसले. मामाच्या चाकूत पाती जिथे मिटतात त्या घळीत खिशातला कापूस, धागे, माती असं सगळं दाबून बसलंय, तळ दिसतच नाही. मोठ्या पात्याच्या बुडाशी, म्हणजे रिव्हेटच्या भोवती जो धार नसलेला भाग असतो तिथे, लाल गंज. पितळी पट्ट्यांच्या कडेने हिरवा मेणचट थर. धारेवर मधे मधे दोन-तीन दाते. स्प्रिंग शाबूत, कुठे तडा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. मुठीचं लाकूड कोरडं पडलंय पण हलत नाही.

धारेवर कागदी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली. कामभर ती राहणार. घट्ट चाकूची भीती हीच असते की जोर लावून ओढताना तो अचानक सुटतो आणि धार कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. पक्कड पात्याला लावायची नाही, हेही ठरवून टाकलं.

४ जानेवारी, रविवार

मामाला फोन केला, "मामा, तू यात कुठलं तेल घालायचास?" तो म्हणाला, "जे हाताशी असेल ते, स्वयंपाकघरातलंच. अडकला की घालायचो थोडं." बरं, मग अजून अडकला की अजून थोडं. इथेच सगळं कळलं.

स्वयंपाकाची बहुतेक तेलं हवेतल्या ऑक्सिजनबरोबर हळूहळू बदलतात, आधी दाट होतात, मग चिकट, मग वार्निशसारखी कडक. तळणीच्या कढईच्या बाहेर जो पिवळा चिकट थर बसतो आणि घासून जात नाही, तोच प्रकार इथे सांध्याच्या आत. जवसाच्या तेलात हा गुण इतका जास्त असतो की ऑइल पेंटमध्ये ते मुद्दाम वापरतात, सुकून कडक पापुद्रा होतो म्हणून. सांध्यात नेमकं तेच नको असतं. शिलाई मशीनचं तेल किंवा कुठलंही साधं मिनरल ऑइल (खनिज तेल) असं सुकून बसत नाही. त्यामुळे मामाने दरवेळी तेल घालून चाकू दोन दिवस मोकळा केला आणि दोन महिन्यांनी आणखी घट्ट केला, जुन्या चिकट्यावर नवा चिकटा, त्यात खिशातला कापूस, वर धूळ.

आज ओलं काहीच लावलं नाही, कोरडी सफाई आधी. कारण घळीत एवढा कापूस असताना तेल किंवा स्प्रे मारला तर तो सगळा भिजून गोळा होतो आणि आणखी खोल जातो. चाकू उलटा धरला, घळ जमिनीकडे, म्हणजे निघेल ते खाली पडेल. टूथपिकचं टोक तिरकं कापून पाचरीसारखं केलं आणि एका टोकापासून उकरत गेले. सुई किंवा लोखंडी टोक वापरलं नाही, पितळ मऊ असतं, ओरखडे येतात आणि ओरखड्यात पुन्हा मळ धरतो.

जे निघालं ते कापसासारखं नव्हतंच, नमद्यासारखं होतं. करड्या रंगाची एक सलग पट्टी, घळीच्या आकाराची, साधारण माझ्या करंगळीएवढी लांब, दाबून दाबून इतकी घट्ट झालेली की चिमटीत धरून उभी राहिली. भिंगाखाली त्यात निळे धागे, लाकडाचा भुसा, वाळूचे दोन चकाकणारे कण. वाळूचे कण बघून बरं वाटलं की जोर लावून पातं उघडत बसले नाही, कारण ते तेलाच्या चिकट्यात बसले की पॉलिश पेपरसारखं काम करतात, प्रत्येक उघडझापीला बूड आणि पट्टी दोन्ही घासतात.

तळ दिसला. मोठं पातं आता अर्ध्याच्या थोडं पुढे येतंय, तेलाचा थेंबही न घालता.

६ जानेवारी, मंगळवार

मूठ लाकडी आहे म्हणून पाण्यात बुडवणं बाद. लाकूड पाण्याने फुगतं, सुकताना आक्रसतं, रिव्हेटपाशी तडकतं. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूंची मूठ बीचच्या लाकडाची असते, आणि ती भिजली की लाकूड फुगून पात्याला दोन्हीकडून आवळतं, पातं निघत नाही, मग सुकेपर्यंत वाट बघायची. प्लास्टिकच्या मुठीचे, स्टेनलेसचे लाल स्विस चाकू मात्र कोमट पाण्यात धुतले तरी चालतात, पाण्यातच उघडझाप करायची, नीट सुकवायचं आणि पातं जिथे स्प्रिंगला टेकतं तिथे तेलाचा थेंब. पण त्या लाल मुठींना ॲसिटोन म्हणजे नेलपेंट काढायचं द्रव लागू द्यायचं नाही, प्लास्टिक विरघळतं. आणि जुन्या लाकडी मुठीवर लाखेचं पॉलिश असेल तर अल्कोहोलनेही ते जातं. मूठ कशाची आहे ते आधी बघायचं आणि मग बाटली उघडायची.

मी गंज सोडवायचा स्प्रे घेतला, पण थेट मारला नाही, बाटलीच्या झाकणात फवारून सिरिंजच्या जाड सुईने थेंब थेंब सांध्यात सोडला. डब्ल्यूडी-४० बद्दल एक समज पक्का झालाय की ते तेल आहे. ते १९५३ साली पाणी हटवायला बनवलं, नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. चिकटा सैल करायला उत्तम आहे पण त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे उरतो तो थर फार हलका असतो. साफसफाईला वापरायचं, शेवटचं तेल वेगळं.

पातं अर्धवट उघडं ठेवून, कारण त्या स्थितीत बूड आणि पट्टीमधली फट सगळ्यात मोकळी मिळते, दोन्ही बाजूंनी दोन-दोन थेंब आणि स्प्रिंग जिथे बुडाला टेकते तिथे एक. केशाकर्षणाने द्रव आपोआप आत ओढला जातो, भिंगातून बघितलं तर थेंब कडेवर क्षणभर थांबतो आणि मग एकदम सपाट होऊन फटीत नाहीसा होतो. फडक्यावर आडवा ठेवून झोपायला गेले.

७ जानेवारी, बुधवार

सकाळी पात्याच्या बुडाभोवती तांबूस-काळी रेघ आलेली. उघडायचा प्रयत्न केला नाही, फक्त पाच-सहा मिलिमीटर मागेपुढे, मागेपुढे, शंभरेक वेळा. हळूहळू आवाज बदलतो. आधी कोरडी कुरकुर, मग ओली खरखर, मग नुसतं जड. फटीतून जे बाहेर आलं ते घट्ट काळं-तपकिरी, पांढऱ्या सुती फडक्याने पुसलं, पुन्हा दोन थेंब, पुन्हा हलवलं, पुन्हा पुसलं. पहिल्या चार वेळा डाग तसाच गडद. पाचव्याला कडेने पिवळसर. संध्याकाळी परत बसले. सातव्या वेळी पातं पूर्ण उघडलं, आणि शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगने स्वतःहून ओढून घेतलं, टक्. हा आवाज ऐकायला मी तीन दिवस थांबले होते.

हा आवाज का येतो हे माहीत असलं की काम नीट होतं. या चाकूत लॉक नसतंच. पाठीची स्प्रिंग पात्याच्या बुडावर सतत दाब देते. बूड गोल नसतं, त्याला दोन-तीन सपाट बाजू असतात, एक उघड्या स्थितीची, एक मिटलेल्या, काहींना एक मधली. स्प्रिंग कोपऱ्यावरून घसरून सपाट बाजूवर बसते तेव्हा तो टक्. म्हणजे घर्षण तीन जागी होतं: रिव्हेटभोवती, बुडाच्या दोन्ही अंगांना आणि स्प्रिंगच्या टोकाखाली. बरेच लोक फक्त रिव्हेटवर बाहेरून तेल सोडतात, ते आत जातच नाही, मुठीवर पसरतं आणि लाकूड काळं करतं.

नवव्या धुण्याला फडक्यावर नुसता ओला डाग आला, रंग नाही. तिथे थांबले. लहान पात्याला चारच लागले. या सगळ्यात एक गोष्ट लक्षात आली की सातव्याला चाकू छान उघडत होता, तिथे तेल घालून काम संपवायचा फार मोह झाला होता, आणि त्यानंतरच्या आठव्या धुण्यातही बारीक काळी घाण निघतच होती. ती आत राहिली असती तर नव्या तेलात मिसळून महिन्याभरात पुन्हा तेच.

१० जानेवारी, शनिवार

गंज आणि कळक.

पितळी पट्ट्यांवरचा हिरवा थर म्हणजे पितळ कळकलं. तांब्यापितळेची भांडी कळकतात हे आपल्याला माहीत असतं, इथे आंबटाऐवजी जुन्या तेलातली आम्लं आणि घामाचे क्षार. टूथपिकने खरवडला तर मेणासारखा वळी वळी निघतो. तो पात्याला लागू द्यायचा नाही म्हणून दर दोन मिनिटांनी टोक पुसत गेले. उरलेलं इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून काढलं, लाकडाला लागणार नाही असं जपून. खाली पितळ गुलाबीसर पिवळं निघालं. चमकवायचा प्रयत्न केला नाही, पॉलिशची पांढरी पावडर फटीत बसली की ती काढायचं दुसरं काम.

पातं कार्बन स्टीलचं आहे. त्यावर दोन रंग दिसतात आणि दोन्हींना एकच वागणूक देऊन चालत नाही. करडा-निळसर-काळपट, गुळगुळीत, बोटाला न लागणारा थर, तो वापराने येतो आणि तो राहू द्यायचा, त्याने खालच्या पोलादाचं थोडं रक्षणच होतं. लाल-नारिंगी, खडबडीत, बोटाला पूड लागणारा तो गंज, तो पसरतो, तो काढायचा. मामाच्या पात्यावर बुडाजवळ लालच होता. तेलाचा थेंब टाकून तासभर ठेवला, मग सगळ्यात बारीक, ०००० (चार शून्यांच्या) नंबरच्या स्टील वूलने पात्याच्या लांबीच्या दिशेनेच घासलं, आडवं नाही. लाल गेला, खाली सुईच्या टोकाएवढे चार-पाच खड्डे राहिले. ते राहू दे. खड्डा जाईपर्यंत घासायचं म्हणजे मामाने वर्षानुवर्षं वापरलेलं पातं पातळ करून टाकायचं, मला ते करवत नाही.

स्टील वूलचे तुकडे बारीक असतात, घळीत पडले की तेच गंजतात आणि आपल्याला वाटतं पातं गंजलं. म्हणून घासताना घळीत कापडाची सुरळी भरून ठेवली होती आणि नंतर चुंबक फिरवलं. तरी चुंबकाला बारीक केस लागलेच.

११ जानेवारी, रविवार

आज माझा स्वतःचा. हा खोलून साफ करायचा होता.

स्क्रू टॉर्क्सचे. स्टार म्हटलं की आपल्याकडे फुलीवाला समजतात, हा तो नाही, सहा पाकळ्यांच्या खाचेचा. मुठीला टी ६ आणि पातं ज्याभोवती फिरतं त्या मधल्या पिव्होटला टी ८. टी ७ ची बिट टी ८ मध्ये बसल्यासारखी वाटते आणि तिथेच घात होतो, थोडी सैल असते, जोर दिला की खाचेच्या कडा गोल होतात. बिट बसवून हलवून बघायची, जराही डगडग झाली तर मापाची नाही. माझा पिव्होट सुटेना, वर निळा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद, सुकलेला दिसत होता. निळा हातानेच सुटावा असाच असतो, लाल असेल तर २५० अंश सेल्सियसच्या आसपास तापवावं लागतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक मिनिटभर स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं, मग बिट वरून दाबून सरळ फिरवली, सुटला.

पांढऱ्या फडक्यावर, कडा असलेल्या ताटलीत सगळं. प्रत्येक स्क्रू जिथून निघाला तिथल्या जागी कागदावर चिकटवला आणि दर टप्प्याला फोटो काढला. हे सगळं करूनही चूक झालीच, ती पुढे.

पातं उचललं. दोन्ही बाजूंना एक-एक फॉस्फर ब्राँझचा वॉशर, त्यातला एक पात्याला चिकटून आला आणि दुसरा लायनरला. खरखर कशाची ते लगेच दिसलं. एका वॉशरवर काळी, ग्रीससारखी पेस्ट, बोटांत चोळली तर बारीक कचकच. आणि बुडावर, वॉशरच्या बरोबर खाली, कड्याच्या आकाराचा तपकिरी डाग. स्टेनलेसवर गंज. स्टेनलेस म्हणवून घ्यायला पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं आणि त्या क्रोमियमचा हवेत ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो, ओरखडा पडला तरी तो पुन्हा जुळतो. पण त्याला ऑक्सिजन लागतो. वॉशरखालच्या अरुंद फटीत घामाचं खारट पाणी अडकतं, ऑक्सिजन पोचत नाही, थर जुळत नाही, आणि बाहेरून चकचकीत दिसणारा चाकू आतून गंजत राहतो. मी दर आठवड्याला पातं पुसत होते आणि हे सगळं खाली चालू होतं.

साबणाचं कोमट पाणी, जुना टूथब्रश, मग अल्कोहोल, मग सुकवणं. याची मूठ जी-१० ची आहे, काचतंतू आणि एपॉक्सी रेझिनची, तिला कशाचंच काही होत नाही. वॉशर सपाट काचेवर ठेवून बोटाने अल्कोहोलमध्ये फिरवून पुसले, वाकवायचे नाहीत. ते चुंबकाला लागत नाहीत हेही लक्षात ठेवावं, जमिनीवर पडला तर चुंबक फिरवून मिळत नाही, गुडघ्यावर बसून शोधावा लागतो. पात्यावरचा गम तेलाचा थेंब लावून दहा मिनिटं ठेवल्यावर अंगठ्यानेच निघाला.

जोडणी. वॉशरवर तेलाचा अगदी पुसट थर, स्क्रूच्या आट्यांवर टाचणीच्या डोक्याएवढा निळा थ्रेडलॉकर, आटे आधी अल्कोहोलने पुसून, कारण तेलकट आट्यांवर तो नीट धरत नाही. आणि तो पिव्होटमध्ये जास्त घातला तर वॉशरपर्यंत वाहतो.

आता चूक. बुडाचा जो उतरता भाग असतो, ज्याला उघडल्यावर लायनरचं टोक येऊन टेकतं, तिथे माझ्या बोटाचं तेल लागलं. मला कळलं नाही. चाकू सुंदर उघडला, लॉक बसल्याचा आवाजही आला. सवयीप्रमाणे पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर दाबून बघितली, बोटं मिटण्याच्या वाटेतून बाहेर ठेवून, आणि लॉक सरकलं, पातं मिटलं. बोटं वाटेत असती तर काय झालं असतं या विचाराने हात गार पडले. लगेच सगळं खाली ठेवलं.

१२ जानेवारी, सोमवार

शांतपणे परत बघितलं. लायनर लॉकमध्ये एक पातळ पट्टी बुडाच्या साधारण ७ ते १० अंशांच्या उतारावर टेकून उभी असते, ती तिथे घर्षणाने टिकते. त्या दोन पृष्ठभागांच्या मधे तेल गेलं तर आपणच तिला घसरायला वाट करून देतो. तेल सगळीकडे चांगलं, असं समजून चाकूभर लावणाऱ्यांनी ही एक जागा कायमची सोडून द्यावी. टेकणारी दोन्ही टोकं अल्कोहोलने तीनदा पुसली, प्रत्येक वेळी नवीन इअरबड, शेवटचा पांढरा राहीपर्यंत. पुन्हा पाठ दाबून बघितली, वीस वेळा, एकदाही हललं नाही.

(उलटी तक्रारही असते, लॉक इतकं चिकटतं की मिटवताना सुटत नाही. त्याला तेल नाही, पेन्सिलीने लॉकच्या टोकावर हलकं गिरवतात, ग्रॅफाइट पुरतं.)

काल जोडताना पिव्होट किती आवळायचा यात अर्धा तास गेला होता. सैल ठेवला तर पातं डावीउजवीकडे डुगडुगतं, घट्ट केला तर मधोमध मिटत नाही, एका पट्टीला घासतं. एक अष्टमांश फेरा आवळायचा, उघडझाप करायची, बघायचं. थ्रेडलॉकर सुकायच्या आत हे संपवावं लागतं, आणि पूर्ण पक्का व्हायला २४ तास, तोवर त्या स्क्रूला हात लावायचा नाही.

१७ जानेवारी, शनिवार

मामाच्या चाकूला शेवटचं तेल. मधले दिवस मुद्दाम मोकळे सोडले, सांध्यातलं उरलंसुरलं द्रव उडून जाऊ दे म्हणून, रोज थोडी उघडझाप.

मिनरल ऑइल घेतलं, पातळ, बिनवासाचं, खाद्य दर्जाचं, कारण मामा याच चाकूने फळं कापणार हे मला ठाऊक आहे. सुईच्या टोकावर लोंबेल एवढाच थेंब. पातं अर्धं उघडून बुडाच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला एक, स्प्रिंगच्या टोकाखाली एक. तीन थेंब एका पात्याला, बास. वीस वेळा उघडझाप, मग जे बाहेर आलं ते सगळं पुसलं. पुसणं हा तेल घालण्याचाच भाग आहे. बाहेर राहिलेलं तेल काही करत नाही, फक्त खिशातली धूळ बोलावतं.

पात्यावर तेलाच्या बोटाने एक हात, मग सुक्या फडक्याने जवळजवळ सगळं परत काढलं. कार्बन स्टीलला तेवढा पुसट थर पुरतो.

मुठीचं लाकूड फार कोरडं होतं, त्याला 'बॉइल्ड लिनसीड' म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलाचा एक पातळ हात दिला, वीस मिनिटांनी पुसून टाकला. सांध्यात ज्या गुणामुळे तेलाने घात केला त्याच गुणाची लाकडाला गरज असते, सुकून पापुद्रा धरण्याची. रिव्हेटच्या कडेला जाऊ दिलं नाही, तिथे आधी चिकटपट्टी लावली. आणि हे जपून वाचा: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही. सुकताना त्यात उष्णता तयार होते, गोळ्याच्या आत साठते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. मी ते उघड्यावर दोरीला एकेरी पसरलं, कडक सुकल्यावरच टाकलं.

धार: १००० नंबरच्या दगडावर, दोन्ही बाजूंनी साधारण २० अंश, दाते गेले. चामड्यावर दहा-दहा वेळा ओढलं. धार लावल्यावर सांधा परत बघायचा, दगडाचं चिखलपाणी वाहत बुडापर्यंत येतं. थोडं आलंच होतं, पुसून एका बाजूला पुन्हा थेंब दिला.

२५ जानेवारी, रविवार

दोन्ही चाकू आठवडाभर पांढऱ्या कागदावर मिटलेले ठेवले होते. माझ्या चाकूखाली काही नाही. मामाच्या चाकूखाली वालाच्या दाण्याएवढा तेलाचा डाग, किंचित पिवळा, काळा नाही. म्हणजे थेंब जरा जास्तच झाला होता पण आत आता घाण नाही. पुसलं, नवीन तेल घातलं नाही.

मामाकडे चाकूचं चामड्याचं पाकीटही आहे. त्याला सांगायचंय की चाकू त्यात कायमचा ठेवू नकोस, चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार-आम्लं त्यात असतात, पातं पाकिटातच गंजतं. न्यायच्या वेळी वापर, घरी आल्यावर बाहेर काढ.

एक विचार सारखा येत राहतो. ऑस्ट्रियात हालश्टाटला सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा मिटणारा चाकू सापडलाय, हाडाची मूठ, एक पातं, एक खिळा. त्या माणसालाही हा सांधा कधीतरी साफ करावा लागलाच असेल, आणि हातात जे होतं तेच त्याने घातलं असेल.

८ फेब्रुवारी, रविवार

मामाकडे गेले. चाकू त्याच्या हातात दिला, काही बोलले नाही. त्याने आधी मुठीवरून अंगठा फिरवला, लाकडाचा रंग बदललाय हे त्याला लगेच कळलं. मग खाचेत नख घातलं, खांदे आवळून, ओठ दातांत धरून, जसं इतकी वर्षं उघडायचा तसंच, आणि एवढा जोर लागलाच नाही, पातं सरळ बाहेर आलं. टक्. तो दचकलाच.

"स्प्रिंग बदललीस?"

"नाही मामा, तीच आहे. काहीच बदललं नाही, फक्त आतलं काढलं."

त्याने मिटवला. परत उघडला, या वेळी खांदे न आवळता. मग लहान पातं. मग दोन्ही. मी त्याला मिनरल ऑइलची छोटी बाटली आणि जाड सुई दिली, आणि सांगितलं की महिन्यातून एकदा घळ टूथपिकने साफ कर, तेल फक्त खरखरला तरच, आणि आधी पुसून मग घाल. त्याने एका कागदावर लिहून घेतलं, "आधी पुसणे", खाली दोन रेघा मारल्या, आणि कागद बाटलीला रबराने बांधला.

चाकू खिशात टाकला. आम्ही बोलत बसलो, आणि बोलता बोलता तो मधेच खिशातून काढायचा, न बघता उघडायचा, मिटवायचा, परत ठेवायचा.